गेरू लागला

इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत रात्री नऊ वाजता बोअरची गाडी लागली. गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची, पोरं तिकडचीच. सगळं जुळवून आणणारा मात्र आमच्या मांजरी गावातलाच, माझा जुना विद्यार्थी. वीस फुटांचा एकेक रॉड खाली जात होता. आधी काळी माती, मग मुरूम, मग करडी भुकटी उडायला लागली ती थांबेचना. मंडळी कंटाळून घरी गेली. मी खुर्ची टाकून बसून राहिले. साडेअकराच्या सुमाराला आठवा रॉड चालू असताना भोकातून येणाऱ्या गाळाचा रंग बदलला. करड्याचा तांबूस, आणि बघता बघता ओल्या विटेसारखा लाल.

"बाई, गेरू लागला," तो म्हणाला. आवाजात काळजी होती. गेरूत भोकाच्या कडा ढासळतात, पाणी लागलं तरी गढूळ येतं, केसिंग आणखी खाली न्यावं लागतं, म्हणजे खर्च वाढतो. पोरांनी आपसांत काहीतरी बोलून वेग कमी केला. दहा-बारा मिनिटं लाल गाळ उतारावरून वाहत राहिला. मग पुन्हा करडा.

मी वर जाऊन डाळीचा रिकामा डबा आणला आणि मूठभर लाल गाळ त्यात भरून घेतला.

*

गेरू म्हणजे काय, ते स्वतःसाठीच नीट लिहून ठेवते.

जमिनीला भेग पडली, लाव्हा पसरला, थिजला, निवला. मग शांतता. पाऊस पडला, ऊन तापलं, वरचा खडक कुजून त्याची माती झाली. त्या मातीवर काहीतरी उगवलं, काहीतरी चरलं. पुढे कधीतरी पुन्हा भेग फाटली आणि नवा लाव्हा त्या मातीवर येऊन बसला. मातीतलं लोह आधीच गंजलेलं, त्यात वरून ही आच. भट्टीत मडकं भाजावं तशी ती माती भाजली गेली. आपल्या घाटांमध्ये काळ्या कातळांच्या मधे जो लाल पट्टा दिसतो तो हाच. एक पट्टा तयार व्हायला काही शतकं लागली असतील, कुठे कित्येक हजार वर्षं.

म्हणजे आमच्या अंगणातून दहा-बारा मिनिटांत जे वाहून गेलं तो दोन लाव्हांच्या मधला सगळा शांत काळ होता.

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'दख्खनचे पठार लाव्हारसापासून बनले आहे' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं त्याची गणती नाही. पोरांच्या डोळ्यांपुढे एकच मोठा भडका उभा राहायचा आणि मीही तो तसाच राहू दिला. मधल्या शांत काळांबद्दल मी त्यांच्याशी कधी बोलले नाही. त्याची खंत आहे, म्हणून ही वही काढली.

*

विहिरी खोदणाऱ्यांचे शब्द: मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, गेरू. यातला मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा, तुलनेनं मऊ खडक. लाव्हा निवताना त्यातले वायू बुडबुडे होऊन वर आले आणि थराच्या माथ्याशी अडकले, त्यांची ही भोकं. पुढे पाण्याबरोबर आलेल्या क्षारांनी ती पांढऱ्या दाण्यांनी भरली. काळा पाषाण म्हणजे त्याच थराचा पोटातला, सावकाश निवलेला, घट्ट भाग. म्हणजे खालून वर वाचायचं तर काळा पाषाण, मांजऱ्या, गेरू, आणि पुन्हा काळा पाषाण. शाळा न शिकलेल्या गवंड्यालाही हा क्रम तोंडपाठ असतो.

आमच्या गावाच्या नावाशी जुळणारा म्हणून मांजऱ्या हा शब्द माझ्या विशेष आवडीचा.

*

या थरांचा पसारा आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे, आणि पूर्वी तो याहून बराच मोठा होता. जाडी सगळीकडे सारखी नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे भोक पाडलं तेव्हा 338 मीटरवर लाव्हा संपला आणि खालचा जुना खडक लागला. कोयनेला तोच खडक गाठायला सुमारे 930 मीटर खाली जावं लागलं. सह्याद्रीत थरांवर थर रचले गेले आणि घाट, कडे, सुळके त्यातूनच कोरले गेले.

यातला बहुतेक सगळा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर आला, आणि तो काळ आहे 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपासचा. डायनासोर संपले तेही याच सुमाराला.

*

जगातले मोठमोठे भूशास्त्रज्ञ या थरांना ज्या नावांनी ओळखतात ती खालून वर अशी: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. प्रिन्स्टनचा प्राध्यापक आपल्या निबंधात 'पोलादपूर' लिहितो, बर्कलेचा 'आंबेनळी'. आंबेनळीच्या घाटातून मी एसटीनं किती वेळा गेले असेन. पृथ्वीवरच्या एका महासंहाराची तारीख ठरवताना हा घाट साक्षीला बोलावला जातो, हे त्या एसटीत कोणी सांगितलं असतं तर मी खिडकीतून जास्त नीट बाहेर पाहिलं असतं.

*

आता दुसऱ्या एका पातळ थराबद्दल.

इटलीत गुब्बिओ गावाजवळ चुनखडीच्या कड्यात जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा चिकणमातीचा पट्टा आहे. त्याच्याखाली एका काळातले सूक्ष्म समुद्री जीव, त्याच्यावर दुसऱ्याच काळातले, तेही थोडे आणि किरकोळ. वॉल्टर अल्वारेझ या भूशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की हा पट्टा साचायला किती काळ लागला असेल. वडील लुई अल्वारेझ नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्याकडून त्या मातीतलं इरिडियम मोजून घेतलं. इरिडियम पृथ्वीच्या कवचात फार दुर्मीळ, अशनींमध्ये त्या मानानं भरपूर. गुब्बिओच्या पट्ट्यात ते नेहमीच्या तीसपट निघालं. 1980 साली चौघांनी मांडलं की सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा लघुग्रह पृथ्वीवर आदळला आणि त्याची धूळ जगभर पसरून बसली.

विवर कुठे आहे ते तेव्हा कोणी सांगू शकत नव्हतं. खरं तर ते आधीच सापडलेलं होतं. मेक्सिकोच्या तेल कंपनीसाठी काम करणाऱ्या ग्लेन पेनफिल्ड आणि अंतोनियो कामार्गो यांना युकातानच्या किनाऱ्याखाली एक प्रचंड वर्तुळ दिसलं होतं, पण त्यांचं म्हणणं मागे पडलं. 1991 साली दोन्ही धागे जुळले. चिक्शुलूब नावाच्या गावाखाली सुमारे 180 किलोमीटर व्यासाचं विवर.

180 किलोमीटर म्हणजे किती, हे नकाशावर कंपास ठेवून पाहिलं. मांजरी मध्यभागी धरली तर कड दक्षिणेला साताऱ्याला लागते आणि पूर्वेला भिगवणच्या पाणवठ्याला. पश्चिमेला सबंध बोरघाट आत येतो.

*

गुब्बिओचा पट्टा एक सेंटिमीटरचा. आमच्या बोअरमधला गेरू, रॉडच्या हिशोबानं, चार-पाच फुटांचा. दोन्ही लाल-करड्या मातीचेच. पण एकाच्या मधे एक दिवस आहे आणि दुसऱ्यात शेकडो पावसाळे. मला मूठभर गाळ डब्यात ठेवावासा वाटला तो या दुसऱ्या गोष्टीसाठी.

*

त्या दिवशी इथे काय झालं असेल?

इथे म्हणजे आजच्या जागी नव्हे. तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हिंदी महासागरातलं एक मोठं बेट, वर्षाला पंधरा-अठरा सेंटिमीटर या वेगानं उत्तरेकडे सरकणारं. मेक्सिको तेव्हाही दूरच, पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या अंगाला. आघाताची लाट पृथ्वीच्या पोटातून वीसेक मिनिटांत इकडे पोचली असणार. जमीन हलली असणार. आभाळात काही वेगळं दिसायला त्याहून जास्त वेळ गेला असेल. आदळलेल्या ठिकाणी जिप्सम होतं, त्यातलं गंधक वर उडालं. खडकाची बारीक धूळ उडाली, जंगलं पेटली त्यांची काजळी वर गेली. आभाळ झाकलं आणि कित्येक महिने, कदाचित काही वर्षं, उन्हाशिवाय गेली. झाडाचं पान उन्हावर जगतं, पान खाणारा पानावर, आणि त्याला खाणारा त्याच्यावर. साखळीचा पहिलाच दुवा तुटला. पृथ्वीवरच्या सुमारे तीन-चतुर्थांश जाती संपल्या.

उत्तर अमेरिकेतल्या डाकोटात त्याच दिवशी गाडल्या गेलेल्या माशांची हाडं तपासून 2022 साली कळलं की उत्तर गोलार्धात तेव्हा वसंत ऋतू होता. म्हणजे दक्षिणेला शरद. आपल्या बेटावर शरद.

*

2024: त्या थरातल्या रुथेनियम या धातूची तपासणी करून असं दिसलं की आलेला पाहुणा कार्बनयुक्त जातीचा होता आणि मूळचा गुरूच्याही पलीकडच्या थंड प्रदेशात घडलेला. इरिडियमनं काय आलं ते सांगितलं, रुथेनियमनं कुठून आलं ते.

*

मग आपल्या लाव्हाचा यात हात किती? हा वाद चाळीस वर्षं चालू आहे आणि मी तो एखाद्या नातलगाच्या कोर्टातल्या खटल्यासारखा मनापासून वाचत आले आहे.

प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर यांनी आयुष्यभर मांडलं की खरा मारेकरी दख्खनच. दुसऱ्या बाजूनं बर्कलेच्या पॉल रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली म्हटलं की आघाताच्या हादऱ्यानं दख्खनचा ज्वालामुखी आणखी चेतवला असावा. वरच्या थरांचा लाव्हा आघातानंतर जास्त जोरानं आला, असा त्यांचा हिशोब. तारखा नीट लागल्याशिवाय हे सुटणार नव्हतं, आणि तारखा लागल्या त्या काही अंशी गेरूमुळे. ब्लेअर शोएन यांच्या गटानं लाव्हाथरांच्या मधल्या लाल पट्ट्यांतून झिरकॉनचे कण वेचले. मिठाच्या कणाहून बारीक स्फटिक, राखेबरोबर येऊन त्या मातीत बसलेले. त्यातल्या युरेनियमचं ठरावीक गतीनं शिसं होत जातं, म्हणून कण स्वतःचं वय सांगतो. बोअरवाल्याला नकोसा झालेला गेरू या मंडळींनी सह्याद्रीच्या घाटांतून पिशव्या भरभरून नेला.

2019 साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. शोएन म्हणतात, लाव्हा चार मोठ्या हप्त्यांत आला आणि त्यातला पोलादपूरचा हप्ता आघाताच्या हजारो वर्षं आधी सुरू झाला. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटानं आर्गॉन पद्धतीनं उत्तर काढलं की लाव्हा बराचसा सलग येत राहिला आणि त्याचा तीन-चतुर्थांश भाग आघातानंतरचा. पुढच्या वर्षी येलच्या पिन्सेली हल आणि इतरांनी समुद्रतळाच्या गाळातून तापमान वाचलं: ज्वालामुखीच्या वायूंनी जग सुमारे दोन अंशांनी तापलं होतं, पण आघाताच्या आधीच ते पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं.

माझं मत लिहून ठेवते. मारलं त्या दगडानं, हे मला आता पटलं आहे. दख्खननं जग तापवलं, निववलं, पुन्हा तापवलं, पण त्यात जीव तगून राहिले. गुजरातमध्ये कच्छातल्या अंजारला दोन लाव्हाथरांमधल्या तळ्याच्या गाळात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची टरफलं निघाली आहेत. म्हणजे लाव्हा येऊन गेल्यावरही ते परत आले, चरले, अंडी घातली. ज्यांनी लाव्हा सोसला त्यांना काही महिन्यांचा काळोख सोसला नाही. मला हे फार जिव्हारी लागतं.

*

आषाढीच्या आधी माउलींची पालखी हडपसरवरून दिवे घाट चढते. गेल्या वेळी मी पायथ्यापासून वरपर्यंत चालले. रस्ता रुंद करायला डोंगर कापला आहे, तिथे ताजी भिंत उघडी पडली आहे. काळा, करडा भोकाभोकांचा, मग हातभर लाल, मग पुन्हा काळा. त्या लाल पट्ट्याला टेकून दोन वारकरी बायका पाणी पीत होत्या. एकीच्या पांढऱ्या ब्लाउजच्या पाठीला तांबडी माती लागली होती. मी ती झटकायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला. म्हटलं, राहू दे, पंढरपूरपर्यंत जाईल.

*

आपल्याकडचे डायनासोर बघायचे तर वरोऱ्याकडे जायला हवं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगाव. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून तिथे शोध चालू आहे. लाव्हाच्या खालच्या थरात, ज्याला लमेटा म्हणतात, हाडं आहेत. डोंगरगावला एका लांब मानेच्या प्राण्याचा बराचसा सांगाडा मिळाला. 1997 साली त्याचं वर्णन छापलं गेलं आणि 2003 मध्ये त्याला इसीसॉरस हे नाव मिळालं. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून.

पण मला हाडांपेक्षा पिसदुऱ्याची शेणं जास्त भावली. दगड झालेली शेणं, मुठीएवढी, काही त्याहून मोठी. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फोडून त्यातले सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे केले. गवताच्या पात्यात असे कण असतात, म्हणूनच पातं हाताला चरचरतं, आणि प्रत्येक गवताच्या कणाचा आकार वेगळा. 2005 साली त्यांनी जाहीर केलं की डायनासोरच्या शेणात गवत आहे, एक नव्हे अनेक प्रकारचं. तोवर जगभर असंच शिकवत की डायनासोरच्या काळी गवत नव्हतंच. मीही शिकवलं. 2011 मध्ये त्यातलं काही भाताच्या कुळातलं असल्याचं कळलं.

विदर्भात, भाताच्या मुलखापासून थोड्याच अंतरावर, भाताचं एक नातलग गवत कोणा डायनासोरनं खाल्लं होतं.

*

गुजरातमध्ये ढोली डुंगरी इथल्या एका घरट्यातलं दृश्य: फुटलेलं अंडं, त्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप, शेजारी नुकतं बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू. वरून वाळूचा लोंढा आला आणि तिघं तशीच राहिली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांना हे सापडलं. 2010 साली त्या सापाला सनाजे इंडिकस हे नाव मिळालं.

याचा आघाताशी संबंध नाही, लाव्हाशीही नाही. पण कोण संपलं ते बोलताना त्यांचं एखादं पिल्लू डोळ्यांपुढे असावं.

*

आणि तेव्हा त्यांच्या सोबतीला कोण होतं? तेलंगणातल्या नासकलला लाव्हाथरांमधल्या मातीत चिचुंद्रीएवढ्या एका सस्तन प्राण्याचे दात मिळाले. दात म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे. 1988 साली प्रसाद आणि साहनी यांनी (आडनावं वरचीच, माणसं वेगळी) त्याला नाव दिलं डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. दख्खन आणि हिस्लॉप दोघंही त्या इवल्याशा नावात.

*

लोणारला 1989 साली सहावीच्या मुलांना घेऊन गेले होते. कडेवर उभं राहिलं की पोटात गोळा येतो. व्यास 1.83 किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. तिथे आदळलेला पाहुणा तुलनेनं लहान, पण आदळला तो आपल्याच काळ्या पाषाणावर. बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या पाषाणात, झालेली आणि इतकी नीट टिकलेली विवरं जगात मोजकीच आहेत. चंद्रावरही बेसाल्ट आहे, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात. आघातानं तिथलं फेल्डस्पार हे खनिज न वितळताच काचेसारखं झालं आहे, आणि तोच पक्का पुरावा ठरला. वय पूर्वी सुमारे 50 हजार वर्षं धरत. 2011 साली आर्गॉन पद्धतीनं ते 5 लाख 70 हजार निघालं.

खाली उतरताना एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, लवणासुराला विष्णूनं मारलं ते इथेच ना?" मी तेव्हा दैत्यसूदनाच्या देवळाची गोष्ट सांगितली आणि मग उल्केची. आज वाटतं, दोन्ही एकत्रच सांगायला हव्या होत्या. वरून काहीतरी आलं आणि जमीन खचली, हे त्या कथेतही आहेच.

शंभर लोणार एका रांगेत मांडले म्हणजे एका चिक्शुलूबचा व्यास.

*

2025 च्या सुरुवातीला वाय-आर-फोर नावाच्या लघुग्रहाची फार चर्चा झाली. 22 डिसेंबर 2032 ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या थोडी वर गेली आणि काही दिवसांत पार खाली आली. इमारतीतली एक आई घाबरून विचारायला आली होती. तिला मी डार्टबद्दल सांगितलं. 26 सप्टेंबर 2022 ला माणसानं मुद्दाम एक यान डिमॉर्फस नावाच्या लघुग्रहावर आदळवलं आणि मोठ्या सोबती लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी सुमारे अर्ध्या तासानं कमी झाली. आधी दिसला तर धक्का देता येतो. डायनासोरना आभाळाकडे लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं. तिला किती पटलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, पण चहा घेऊन गेली.

*

वाघोलीच्या खाणी आमच्या इथून नदीपलीकडे. बांधकामाच्या खडीसाठी फोडलेल्या त्या दगडाच्या पोकळ्यांत कॅव्हनसाइट मिळतं, मोरपिसाच्या डोळ्यासारखं निळं. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेत सापडलं, पण जगभरच्या संग्रहालयांत जे सुंदर नमुने आहेत ते वाघोलीचे. लाव्हा निवून गेल्यावर खूप नंतर, सावकाश झिरपणाऱ्या पाण्यानं ते घडवलं.

*

आता द्राक्षांबद्दल. सगळी वही इथे यायला निघाली होती असं आता वाटतं.

मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, 1997 पासून. 'मांजरी नवीन', 'मांजरी मेडिका' ही वाणं इथली. आमच्या गावाचं नाव सांगली-नाशिकच्या बागाईतदाराच्या तोंडी बसलं ते यामुळे. केंद्राच्या कुंपणाला लागून जाणाऱ्या रस्त्यानं फिरायला गेलं की एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेल्या उघड्या काड्या दिसतात, ऑक्टोबरात फळछाटणी. खाली जमिनीत डॉगरिजचा खुंट, वर कलम. आणि त्या खुंटाखाली काळी माती, म्हणजे कुजलेला लाव्हा.

2013 साली फ्लोरिडाचे स्टीव्हन मँचेस्टर, भंडाऱ्याचे दशरथ कापगते आणि वॉशिंग्टनच्या जुन वेन यांनी एक जीवाश्म फळ जगासमोर मांडलं. मध्य भारतात लाव्हाथरांच्या मधल्या तळ्यांत पडलेली फळं. तळ्याच्या पाण्यातली सिलिका त्यांच्यात मुरली आणि फळं दगड झाली, बियांसकट. द्राक्षकुळातली जगातली सगळ्यात जुनी फळं. वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं, म्हणजे अगदी त्या आघाताच्या सुमाराचं. नाव दिलं इंडोव्हायटिस चितळेयी.

चितळे म्हणजे श्यामला चितळे. नागपूरच्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यापक. त्यांनी मध्य भारतातल्या मोहगावकलानच्या तशाच गारेच्या दगडांत कित्येक वर्षं जुनी फळं-फुलं शोधली आणि पुढे क्लीव्हलंडच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात जीवाश्म वनस्पतींचा संग्रह उभा केला. 2013 सालीच त्या गेल्या. द्राक्षाच्या सगळ्यात जुन्या फळाला एका मराठी बाईचं नाव आहे. मी हे वर्गात कधी सांगितलं नाही, कारण मी निवृत्त झाल्यावर ते घडलं. पण आता जो भेटेल त्याला सांगते.

2024 साली शिकागोचे फॅबियानी हेरेरा यांनी कोलंबियात 6 कोटी वर्षांपूर्वीच्या द्राक्षबिया दाखवल्या आणि एक विचार मांडला. अवाढव्य डायनासोर जंगलातून चालत तेव्हा झाडं मोडत, रान विरळ राहत असे. ते गेले आणि रान दाटलं, उंच झाडांची छतं झाली. वेलीला चढायला आधार मिळाला. शिवाय फळ खाऊन बी दूर टाकणारे पक्षी आणि लहान सस्तन वाढले. द्राक्षवेल पसरली ती या दाट रानात.

वेल आधीपासून होती, आपल्या तळ्यांच्या काठी. तिला वर चढायला जागा त्या काळोखानंतर झाली.

*

मांजरी उपबाजाराबाहेर एका म्हाताऱ्या आजींकडे बियांची काळी द्राक्षं मिळाली. अलीकडे ती कोणी घेत नाही. घरी येऊन एक बी दातानं गर काढून स्वच्छ केलं आणि भिंगाखाली धरलं. एका बाजूला मधे उभी कड आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक लांबट खाच, नखानं दाबून केल्यासारखी. दुसऱ्या बाजूला पाठीवर एक गोलसर ठसा. मग ब्लेडनं आडवं कापलं. आतला पांढरा गर त्या दोन खाचांमुळे मुडपलेला, इंग्रजी एमसारखा.

द्राक्षकुळाच्या बीची ही खूण. दगडात सापडलेलं बी द्राक्षाचं की आणखी कशाचं, ते या दोन खाचांवरून ठरवतात. इंडोव्हायटिसच्या छायाचित्रात कापलेलं बी दिसतं. राखाडी दगडात तोच मुडपलेला आकार. शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले.

*

द्राक्षाची एक नातलग आमच्या कुंपणावर आहे, कांडवेल. चौकोनी हिरव्या कांड्या, जोडाजोडाशी तणावा. हाडजोडी म्हणून लोक तोडून नेतात. तिचा एक तुकडा मी गॅलरीतल्या कुंडीत लावला आहे.

*

बोअरला दोनशे तीस फुटांवर पाणी लागलं, दोन इंच. गेरूच्या खाली केसिंग उतरवलं तरी पहिले तीन दिवस पाणी तांबूस आलं. कोणी ते वापरेना. डब्यातला गाळ एव्हाना खाली बसला होता, वर नितळ पाणी, खाली बोटभर लाल. मी तो तसाच ठेवला आणि नळाचं तांबूस पाणी तांब्यात धरून कांडवेलीच्या कुंडीत ओतलं. माती काळी होती, जरा वेळ लालसर दिसली, मग पाणी जिरलं.